कावीच्या मिठाच्या अगरात पायात फ्लॅग असलेला सँडपायपर पक्षी दिसला, कोड अर्धाच वाचता आला. पुढे काय करू?

डबेवाली_दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. इथे मी वर्षभर नुसतं वाचतेय, लिहितेय आज पहिल्यांदा. चुकलं तर सांभाळून घ्या.

माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता, डब्यांना सुट्टी. भाच्याला घेऊन बडोद्याहून जंबुसरमार्गे खंभातच्या आखातावरच्या कावी-कंबोईला गेले होते. भरतीत पाण्याखाली जाणारं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ बघायला तिथे गर्दी असतेच. दर्शन आम्हीही घेतलं, पण माझा जीव अडकला होता अलीकडच्या मिठाच्या अगरांत. त्यातलं एक अगर गेली दोनेक वर्षं पडून आहे. बांध फुटलेले, पाणी घोट्याएवढं. भरती चढली की खाडीतले पक्षी उठून तिथे येऊन बसतात, हे तिथे मीठ पिकवणाऱ्या एका अगरियाभाईंनीच मागच्या वर्षी दाखवलं होतं.

थवा दीडशेचा तरी असेल. स्टिंट, चिखल्या, थोडे शेकाटे आणि चाळीसएक कर्ल्यू सँडपायपर. ओळखीबद्दल खात्री आहे. चोच टोकाकडे खाली वळलेली आणि थवा उडाला तेव्हा शेपटीच्या वरचा भाग पांढराशुभ्र दिसला. एकदोघांच्या छातीवर विटकरी रंगाचे ठिपके यायला लागले होते.

त्यातल्या एकाच्या पायावर काहीतरी फडफडल्यासारखं दिसलं. आधी वाटलं प्लास्टिकचा तुकडा अडकलाय. दुर्बीण (माझी 8x42 आहे) नीट लावली तर चौकोनी पट्टी, तिच्यावर काळी अक्षरं, म्हणजे अभ्यासक पक्ष्यांना ओळखीसाठी घालतात तो फ्लॅग. माझा हात इतका थरथरायला लागला की दुर्बीण बांधाच्या दगडावर टेकवावी लागली. दहा मिनिटं बघितलं. मग एक मोटारसायकल गेली आणि सगळे उठले.

डब्यांच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतलं ते जसंच्या तसं देते: "उजवा पाय. वरच्या भागात. पांढरा किंवा पिवळट फ्लॅग. तीन अक्षरं. पहिलं ए किंवा एच. मधलं नाही दिसलं. शेवटचं 7, कदाचित 1. डावा पाय चिखलात."

भाच्याने काढलेले फोटो धूसर आहेत. घरी आल्यावर एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले तर अर्ध्या तासात एकाने तिन्ही अक्षरं सांगितली, देशही सांगितला आणि ते पुढे चार ग्रुपांत फिरलंही. मला मात्र ते मधलं अक्षर कुठल्याच फोटोत दिसत नाहीये. म्हणून विचारते:

अर्धा कोड कुणाच्या कामाचा असतो का? कळवायचं तर कुठे? आणि मनात सारखं येतंय तेही विचारते. एवढ्याशा काडीसारख्या पायात ते अडकवलेलं, त्या जिवाला टोचत नसेल का?


मिठागर_मकरपुरा

ताई, आधी तुमच्या वहीबद्दल बोलतो. गेली पंधरा वर्षं मी हे फ्लॅग वाचतोय आणि नव्या माणसाची इतकी स्वच्छ नोंद क्वचित बघितली आहे. "ए किंवा एच", "7, कदाचित 1", "मधलं नाही दिसलं". हेच पाठवा, असंच पाठवा. ग्रुपवरच्या माणसाने भरलेलं अक्षर त्यात घालू नका. अर्धा कोड घेऊन नोंद ठेवणारे लोक आपल्या यादीतून शक्यता कमी करत आणू शकतात. चुकीचा पूर्ण कोड मात्र भलत्याच पक्ष्याच्या नावावर चढतो. तो पक्षी प्रत्यक्षात दुसऱ्याच किनाऱ्यावर असेल, किंवा मेलेलाही असेल, आणि कागदावर तो कावीला येऊन जातो. अशी एक नोंद शिरली की ती शोधून काढणं फार कठीण.

आता उजवा-डावा. पक्ष्याचा उजवा, आपला नव्हे. तो तोंड आपल्याकडे करून उभा असेल तर त्याचा उजवा पाय आपल्या डाव्या हाताला येतो. पाठमोरा असेल तर सरळ. इथे भले भले चुकतात, मीही सुरुवातीची दोन वर्षं चुकलो. पक्षी कसा उभा होता ते तुम्हाला आठवत असेल तर आजच लिहून ठेवा, आठवड्याने खात्री राहणार नाही.

"वरच्या भागात" म्हणजे सांध्याच्या वर, असं धरतो. पक्ष्याच्या पायाचा मागे मोडणारा तो सांधा आपल्याला गुडघा वाटतो, खरं तर ती त्याची टाच. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. कळवताना "सांध्याच्या वर" किंवा "सांध्याच्या खाली" एवढंच लिहायचं. वर एक आणि खाली एक असे दोन फ्लॅग असतील, किंवा एकाच जागी एकावर एक असतील, तर रंग वरून खाली या क्रमाने. पूर्व आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर कुठे कुठला रंग घालायचा हे आपसात ठरलेलं आहे. व्हिक्टोरियात नारिंगी, वायव्य ऑस्ट्रेलियात पिवळा, इतरत्र दोन रंगांच्या जोड्या. म्हणजे अक्षर एकही वाचता आलं नाही तरी रंग, पाय आणि जागा यांवरून पक्ष्याला कुठे पकडलं होतं ते बरेचदा कळतं. म्हणून पांढरा की पिवळट, या प्रश्नाला वजन आहे. उन्हा-खाऱ्या पाण्यात रंग उडतात, पांढऱ्यावर चिखलाची पिवळी झाक चढते. "पांढरा किंवा पिवळट" हे तुमचे शब्द तसेच राहू द्या.

डावा पाय चिखलात होता म्हणालात. त्या पायात धातूची रिंग असू शकते. फ्लॅग घातलेल्या पक्ष्याला बहुतेक वेळा एका पायात धातूचं कडं असतंच. आपल्याकडे घातलेल्या कड्यावर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला (बीएनएचएस) कळवा अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं आणि नंबर असतो, रशियातल्या कड्यावर रोमन लिपीत "मॉस्क्वा". पण साठेक ग्रॅमच्या पक्ष्याच्या कड्यावरची अक्षरं लांबून वाचणं जवळजवळ अशक्य. पूर्वी सगळा कारभार त्या कड्यांवरच होता. पक्षी पुन्हा जाळ्यात सापडला किंवा मेलेला मिळाला तरच बातमी लागायची, आणि हजारो कड्यांमागे अशा बातम्या मोजक्याच. फ्लॅगमुळे पक्ष्याला हात न लावता, जिवंतपणी, वेगवेगळ्या माणसांना पुन्हा पुन्हा वाचता येतं. तुमच्यासारख्या बाईने बांधावर बसून दहा मिनिटांत जे पाहिलं, त्यासाठी आधी कड्यांच्या जमान्यात नशीबच लागायचं.

कळवायचं बीएनएचएसला, मुंबईला. तारीख, वेळ, नेमकी जागा (फोनवरचे अक्षांश-रेखांश चालतात), जात, थवा केवढा, पक्षी काय करत होता, आणि तुमच्या वहीतल्या ओळी. फोटो धूसर असले तरी मूळ फाइल पाठवा. कापून किंवा उजळ करून पाठवू नका. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) यादी टाकत असाल तर शेऱ्यात हेच लिहा. बाहेरच्या देशाचा निघाला तर ते पुढे पोचवतात, आणि पक्षी कधी, कुठे, केवढ्या वयाचा असताना पकडला होता ते तुम्हालाही कळतं. उत्तराला वेळ लागतो. माझ्या एका नोंदीचं उत्तर आठ महिन्यांनी आलं होतं, पण ते पत्र मी अजून जपून ठेवलंय.

टोचतं का, हा प्रश्न मला फार आवडला, कारण तो सगळ्यांत आधी विचारायला हवा. फ्लॅग पातळ प्लास्टिकचा असतो, वजन एका ग्रॅमच्याही बरंच खाली. तो पायाभोवती सैल फिरेल पण सांध्यावरून घसरणार नाही अशा मापाचा घालतात, आणि घालणारे लोक शिकलेले, परवाना घेतलेले असतात. पकडला जातो ती घटका पक्ष्याला त्रासाची असते, हे खोटं नाही. पण त्यानंतर तोच पक्षी वर्षानुवर्षं सायबेरियाच्या टोकाला जाऊन परत येतो. अमेरिकेच्या बाजूला 1995 मध्ये रिंग घातलेला रेड नॉट जातीचा एक पक्षी, फ्लॅगवर "बी 95", 2014 पर्यंत दिसत होता. जवळजवळ वीस वर्षं, दर वर्षी दक्षिण टोकापासून आर्क्टिकपर्यंत आणि परत. तो जगला हे आपल्याला कळलं ते पायातल्या त्या पट्टीमुळेच.


कॅमेरा_निजामपुरा

मावशी, भाच्याला सांगा फोटो काढूच नको, व्हिडिओ घे. फोर-के लावायचं आणि पक्षी चालत असताना सलग दोन-तीन मिनिटं चालू ठेवायचं. घरी येऊन एक एक फ्रेम पुढे सरकवायची. फ्लॅग वाकडा असतो, पाय फिरला की एका फ्रेममध्ये पहिलं अक्षर समोर येतं, दुसरीत शेवटचं. मी दोन अक्षरं अशी वेगवेगळ्या फ्रेममधून जुळवली आहेत.

आणि सकाळी साडेनऊच्या आत. नंतर अगरावरची हवा तापून लाटेसारखी हलते, कितीही महागडी लेन्स असू दे, 3 चा 8 होतो.


उरणची_माहेरवाशीण

मी आता वाघोडिया रोडला राहते, पण माहेर उरणचं, वडिलांचं मिठागर होतं. त्यामुळे भरतीचं तेवढं मी सांगते.

ताई, तुम्ही गेलात तो दिवस नेमका चांगला होता. पुनवेच्या आणि अवसेच्या पुढचे दोन दिवस पाणी सगळ्यांत जास्त चढतं, त्याला आमच्याकडे उधाण म्हणतात. अष्टमी-नवमीला भांगेचं पाणी, तेव्हा भरती अर्धवटच येते आणि खाडीतला चिखल थोडाफार उघडाच राहतो. मग पक्ष्यांना अगरात यायची गरजच पडत नाही, ते लांब चिखलावरच पसरून बसतात आणि तुम्हाला ठिपक्यांशिवाय काही दिसत नाही. उधाणाला मात्र चिखल पूर्ण झाकला जातो आणि सगळे एका जागी दाटीने येतात. भरती पूर्ण चढायच्या तासभर आधी जाऊन बसायचं. ते येतील तेव्हा आपण आधीपासून न हलता बसलेले असलो की ते जवळ उतरतात. ते बसल्यानंतर गेलो की उडतात.

वेळेसाठी भावनगर बंदराचं कोष्टक बघा आणि तुमच्या जागेवर प्रत्यक्ष पाणी कधी चढलं ते त्याच वहीत लिहा. दोन-तीन खेपांत फरक किती ते कळेल. रोज वेळ पाऊणएक तास पुढे सरकते.

आणि हात जोडून सांगते, ओहोटीला पक्ष्यांच्या मागे चिखलात उतरू नका. खंभातच्या आखातासारखी भरती आपल्या देशात क्वचितच कुठे येते, पाणी दहा मीटरपर्यंत चढतं. लांबवर उघडी दिसणारी जमीन बघता बघता जाते, आणि चिखलात पाय रुतला तर काढता येत नाही. आमच्याकडे कोळ्याची पोरं जन्म चिखलात काढतात तरी एकटी जात नाहीत. तिथल्या अगरियाभाईंना विचारल्याशिवाय बांध सोडू नका.


धारवाला

मी इंदूरचा, किनारा आमच्यापासून लांब. पण एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. आपल्या देशात पक्ष्यांना रिंग घालायचं पद्धतशीर काम सुरू झालं ते 1927 च्या सुमारास, आमच्या शेजारच्या धार संस्थानात. पवारांच्या राज्यात, तळ्यावरच्या बदकांना. समुद्र नाही, माळव्यातलं तळं. पुढे सलीम अलींच्या देखरेखीखाली 1959 पासून बीएनएचएसने मोठ्या प्रमाणावर रिंग घातल्या. त्यामागे जागतिक आरोग्य संघटनाही होती, कारण 1957 मध्ये कर्नाटकात क्यासनूर जंगलाचा ताप आला होता आणि त्याच्या गोचिडी परदेशातून येणाऱ्या पक्ष्यांवरून येतात का हे बघायचं होतं.

ताईंची हिशोबाची वही त्याच कामात भर घालतेय. वढवाणा तलावावर हिवाळ्यात जाणाऱ्या बडोदेकरांनीही बदकांच्या, हंसांच्या मानेकडे आणि पायाकडे बघत जावं. काही हंसांच्या गळ्यात रंगीत पट्टे असतात, ते तर किनाऱ्यावरून साध्या दुर्बिणीनेही वाचता येतात.


डबेवाली_दांडियाबाजार

सगळ्यांचे मनापासून आभार. मिठागरकाका, तुमचं उत्तर भाच्याने मला दोनदा वाचून दाखवलं आणि मी पहिलं काम केलं ते म्हणजे पक्षी कसा उभा होता ते लिहून ठेवलं: पाठमोरा, शेपटी आमच्याकडे. म्हणजे उजवा तो उजवाच.

कोड भरायचा मोह मलाही झाला होता, खरं सांगते. ग्रुपवर लोक अभिनंदन करत होते. पण माझं सगळं घर या वहीवर चालतं. चाळीस डबे. जो डबा हाताने दिला त्याच्यापुढेच टिक. "गेलाच असेल" म्हणून टिक केली की महिनाअखेरीस कुणाचा तरी एक दिवस चुकतो आणि भांडण माझ्या दारात येतं. पुढच्या पानावर एक नियम आणि मागच्या पानावर दुसरा, असं मला जमणार नाही. बीएनएचएसला मधली जागा रिकामी ठेवूनच पाठवलं.

आता दुसऱ्या खेपेचं सांगते. महाशिवरात्रीला कावीच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून तो दिवस सोडला आणि अवसेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. उरणच्या ताईंनी सांगितलं तसं भरतीच्या आधी तासभर जाऊन बांधाच्या आडोशाला बसलो. मी जुनी गोधडी अंगावर घेतली होती, मातीच्या रंगाची. अगरियाभाईंनी चहा दिला.

पक्षी आले ते एकदम. आधी आवाज, मग डोक्यावरून वळसा, आणि पाण्यावर उतरताना सगळ्यांची पोटं एकाच वेळी चमकली. आमच्यापासून वीस पावलांवर. पुढचा पाऊण तास आमचा पक्षी सापडलाच नाही. बहुतेक सगळे एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत, दुसरा पाय पोटात ओढलेला. चाळीस पक्षी आणि दिसतात चाळीसच पाय. मी एकेकाकडे बघत बसले, कुणी पाय बदलतो का.

मग एकाने बदलला. खाली टेकलेला पाय वर घेतला आणि पोटातला बाहेर काढला, त्याच्यावर फ्लॅग. भाचा "मावशी" एवढंच म्हणाला. पक्ष्याने तो पाय पुढे घेऊन डोकं खाजवलं, पाण्यात दोनदा आपटला, चिखल धुऊन गेला आणि फ्लॅग अगदी स्वच्छ झाला. पांढरा. पिवळट नाही. पहिलं अक्षर एच, मधली आडवी रेघ आणि वरची उघडी दोन टोकं मी स्वतः पाहिली. शेवटचं 7. मधलं अक्षर फ्लॅगच्या वळणावर होतं, तो आमच्याकडे वळला की कळलं असतं. डाव्या पायात सांध्याच्या खाली धातूचं कडं, तेही दिसलं, उन्हात एकदा लखलखलं.

ग्रुपवर फिरलेल्या कोडात पहिलं अक्षर ए होतं.

आणि तेवढ्यात चार-पाच कॅमेरेवाले आले. त्यांना उडणाऱ्या थव्याचा फोटो हवा होता. एकाने बांधावरचं ढेकूळ उचलून पाण्यात मारलं. सगळे उठले. खाडीत पाणी भरलेलं, बसायला दुसरी जागा नाही, वीस-पंचवीस मिनिटं घिरट्या घालत राहिले आणि मग लांब पलीकडे कुठेतरी गेले. मी त्या मुलांशी भांडले नाही, शांतपणे सांगितलं. पण गाडीत बसल्यावर रडू आलं. भरतीचे ते दोन-तीनच तास त्यांना टेकायला मिळतात. पुढच्या महिन्यात त्यांना सायबेरियापर्यंत जायचंय, अंगावर चरबी साठवायचे हेच दिवस, आणि ती एका फोटोसाठी घिरट्यांत जळते.

भाच्याच्या व्हिडिओत मधल्या अक्षराच्या डाव्या बाजूची गोलाई दिसते. फक्त गोलाई. सी, जी, ओ, 6, 0, काहीही असू शकेल. तसंच लिहून दुसरी नोंद पाठवली.


मिठागर_मकरपुरा

ताई, तोच पक्षी चौदा दिवसांनी त्याच अगरात. याची किंमत मधल्या अक्षरापेक्षा कमी नाही. नुसता एक दिवस उतरून पुढे गेला असं म्हणता येणार नाही, ते पडीक अगर त्याचं भरतीचं ठिकाण आहे असं दिसतंय. दोन्ही नोंदींत एकमेकींचा उल्लेख करा, "बहुधा तोच" असा. कोड पूर्ण नाही, म्हणून "बहुधा" राहू द्या.

गोलाईची फ्रेम मूळ आकारात पाठवा. त्यांच्याकडे एचने सुरू होऊन 7 ने संपणारे, पांढऱ्या फ्लॅगचे, उजव्या पायाचे कर्ल्यू सँडपायपर किती हे बघता येईल. कोण जाणे, एकच असेल.

ढेकळाबद्दल: त्या अगरियाभाईंना विश्वासात घ्या. बांधावर कोण येतं जातं ते त्यांच्या नजरेत असतं आणि त्यांचं लोक ऐकतात. पुढच्या वेळी त्यांच्यासाठी एक डबा घेऊन जा, तुमच्याच हातचा.


डबेवाली_दांडियाबाजार

दोन डबे नेणार, त्यांच्या घरीही लेकरं आहेत.

पुढचं उधाण होळीचं. धुळवडीच्या दिवशी पहाटे साडेचारला दांडिया बाजारातून निघतोय. पाडव्यानंतर पक्षी फार दिवस थांबायचे नाहीत, त्यामुळे मधल्या अक्षरासाठी ही एकच खेप हातात आहे असं समजते. गाडीत दोन जागा आहेत. कुणाकडे स्कोप (तिवईवरची मोठी दुर्बीण) असेल आणि दोन-तीन तास न हलता बसायची तयारी असेल तर इथेच कळवा. रंग खेळून आलेल्यांनी आधी आंघोळ करून यावं, गुलाबी शर्ट नको, मातकट कपडे घाला. नाश्त्याला थेपले आणि दशम्या माझ्याकडून.